विहिरीत टाकलेला नवरा

१५ सप्टेंबर १९६७ रोजी अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग दाखवला गेला. ‘अमॉक टाइम’ हे त्याचे नाव आणि थिओडोर स्टर्जन हा त्याचा लेखक. भावनांवर पूर्ण ताबा मिळवलेल्या व्हल्कन ग्रहवासीयांना दर सात वर्षांनी एक ज्वर चढतो, त्याला ते पॉन फार म्हणतात. तो चढला की मायदेशी परतून जोडीदाराशी मीलन करायचे, नाहीतर मरायचे. स्पॉक हा असा ज्वर चढलेला, अंतराळयानावरचा अधिकारी. त्याचे लग्न वयाच्या सातव्या वर्षीच आईबापांनी टी’प्रिंग नावाच्या मुलीशी ठरवून ठेवलेले आहे. तो परत येतो तेव्हा टी’प्रिंगचे मन स्टॉन नावाच्या दुसऱ्या पुरुषावर बसलेले असते. तिला नकार देता येत नाही. व्हल्कनांच्या रीतीत तिला एकच वाट मोकळी आहे: आपल्या बाजूने लढणारा वीर निवडायचा, त्याने नवऱ्याशी मरेपर्यंत झुंजायचे, आणि जो जिंकेल त्याची ती मालमत्ता होणार. ती स्पॉकच्याच कप्तानाला, कर्कला, निवडते. यानावरचा डॉक्टर कर्कला गुपचूप औषध टोचतो, कर्क मेल्यासारखा पडतो, आणि त्या खोट्या मरणाने सगळ्यांची सुटका होते. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका आली तेव्हा आपल्याकडच्या प्रेक्षकांनीही ती पाहिली. परग्रहाची कल्पना म्हणून ती नवलाची वाटत असेल, पण तिच्यातली तिन्ही हाडे, म्हणजे ठरावीक वर्षांचे चक्र, बालपणी बांधलेली गाठ आणि मरणातून मिळणारी सुटका, आपल्या शेजारच्या गुजरातेत शतकानुशतके प्रत्यक्ष वापरात होती.

उत्तर गुजरातेत उंझा येथे उमियामातेचे देऊळ आहे. ती कडवा पाटीदारांची कुलदेवता. उमेने मातीच्या बावन्न मूर्ती केल्या, शंकराने त्यांत प्राण फुंकला आणि त्यांतून जातीच्या बावन्न शाखा झाल्या, अशी त्यांची कथा आहे. या जातीची लग्ने दरवर्षी होत नसत. नऊ, दहा, अकरा वर्षांनी एकदा उंझ्याच्या देवीचा कौल घेऊन तिथी निघे, ती गावोगाव कळवली जाई, आणि त्या दिवशी लग्नाजोगे म्हणून जे जे मूल घरात असेल ते उजवून टाकले जाई. ती तिथी चुकली की पुढचे दशक मोकळे गेले, म्हणून पाळण्यातल्या पोरांनाही बाशिंग बांधले जाई. त्याही पुढे, दोन गरोदर बायका पोटातल्या जिवांच्या वतीने मांडवात फेरे घेत. एकीला मुलगा आणि दुसरीला मुलगी झाली की लग्न लागलेलेच. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत आणि पुढे बडोदा संस्थानच्या शिरगणतीच्या अहवालांत या प्रथेची नोंद आहे. उंझा हे गाव बडोदा संस्थानच्या कडी प्रांतातले, म्हणजे देवीचा कौल निघत होता तो मराठी राजाच्या, गायकवाडांच्या, मुलखात. सुरतेच्या आसपास लेवा, कडवा आणि मतिया अशा पाटीदारांच्या निरनिराळ्या शाखा होत्या, आणि सुरतेला लागून असलेला नवसारी प्रांतही गायकवाडांचाच.

माणसाला जनावरासारखा ऋतूचा माज नाही. आपल्या शरीरात दहा वर्षांनी वाजणारी घंटा नाही. आपली लग्नसराई चातुर्मास, तुळशीचे लग्न, अक्षय्य तृतीया अशा पंचांगाच्या खुंट्यांवर टांगलेली असते, आणि कडव्यांची खुंटी इतरांपेक्षा फार लांब ठोकलेली होती एवढेच. विज्ञानकथेने जे रक्तात घातले ते इथे देवळात आणि पंचायतीत होते, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. शरीराचे चक्र असेल तर त्याच्याशी कुणाला भांडता येत नाही. माणसांनी घातलेले चक्र मात्र पाळणाऱ्यांनाच अडचणीचे होते, आणि मग त्याला पळवाटा फुटतात. कोणत्या पळवाटा फुटल्या आणि कुणासाठी फुटल्या हे पाहिले, की त्या समाजात एकनिष्ठेचा अर्थ काय होता ते कळते. वैवाहिक निष्ठेचा इतिहास लिहिताना व्यभिचाराच्या कथा गोळा करण्याचा मोह होतो. माझ्या मते खरा पुरावा सुटकेच्या वाटांत असतो.

कडव्यांची सर्वांत विलक्षण पळवाट फुलांची. ठरलेल्या तिथीला मुलीसाठी स्थळ मिळाले नाही, तर तिचे लग्न फुलांच्या गुच्छाशी लावत. विधी संपला की गुच्छ विहिरीत टाकत. नवरा मेला, मुलगी विधवा झाली. आणि विधवेला पुनर्विवाहाची, म्हणजे नात्र्याची, मुभा असल्याने पुढे केव्हाही, तिथीची वाट न पाहता, तिला कुणाकडेही देता येई. आपल्याकडे अनेक जातींत पाट लावतात तसाच हा नातरा. दुसरी पळवाट अशी, की जातीतल्या एखाद्या लग्न झालेल्या माणसाला तात्पुरता नवरा करायचे, त्याने लगेच काडीमोड द्यायची, आणि मुलगी नात्र्याला मोकळी. दोन्हींत पहिले लग्न नावापुरते आणि खरे लग्न दुसरे. मालिकांच्या जगात याला जुळणारी गोष्ट २००० साली आली. ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’च्या ‘बॉडी अँड सोल’ या भागात टुव्हॉक या विवाहित व्हल्कनाला पॉन फार चढतो. बायको टी’पेल हजारो प्रकाशवर्षे दूर, तेव्हा सहकारी टॉम पॅरिस तिची प्रकाशप्रतिमा तयार करून देतो, आणि टुव्हॉक आपली निष्ठा न मोडता जगतो. प्रकाशाची बायको आणि फुलांचा नवरा या एकाच जातीच्या युक्त्या आहेत: घड्याळ आणि निष्ठा यांचा मेळ बसेना म्हणून मध्ये घातलेले खोटे माणूस. पण दोघांची कामे उलटी. टुव्हॉकसाठी खोटी बायको लग्न टिकवते. कडव्यांच्या मुलीसाठी खोटा नवरा मरून तिला मोकळी करतो. पुरुषाला जिवंत जोडीदाराच्या प्रतिमेने भागले, बाईला मात्र कुणाच्या तरी मरणातून जावे लागले. टी’प्रिंगलाही तेच करावे लागले, आणि तिथेही मरण खोटेच होते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. पाटीदार हा कष्टकरी, हिशेबी शेतकरी समाज. सगळ्यांची लग्ने एकाच दिवशी लागली की प्रत्येक घर आपापल्या मांडवात गुंतलेले, पाहुणे कमी, जेवणावळी आटोपशीर, आणि दहा वर्षे कुणाला लग्नखर्चाची चिंता नाही. शिवाय नातरा होता. ज्या काळात सुरतेच्या ब्राह्मण आणि वाणी घरांत आठ वर्षांची विधवा उभा जन्म कोपऱ्यात काढत होती, त्या काळात कडव्यांची मुलगी पुन्हा संसार मांडत होती. मग या प्रथेला क्रूर म्हणणे म्हणजे आजच्या गजाने कालचे कापड मोजणे नव्हे काय? या आक्षेपातला नात्र्याचा भाग मला पूर्ण मान्य आहे. नात्र्याने हजारो बायकांचे आयुष्य वाचवले, आणि सुधारकांनी उच्चवर्णीयांसाठी जे मिळवायला पन्नास वर्षे घालवली ते या जातींत आधीपासून होते. पण नातरा कुणाशी करायचा हे मुलगी ठरवत नव्हती, आईबाप ठरवत होते. पाटीदारांतली जी घराणी प्रतिष्ठेच्या शिडीवर चढू लागली त्यांनी तर नातरा कमीपणाचा म्हणून सोडून दिला आणि मुलींची ही वाटही बुजली. खर्चाच्या बचतीचा युक्तिवादही अर्धाच आहे, कारण मुलीचे ओझे हलके झाले असते तर मुलींना जगू दिले गेले असते. लेवा आणि कडवा कुणब्यांत, म्हणजे याच पाटीदारांत, मुलींची संख्या इतकी कमी भरत होती, की १८७० चा बालिकाहत्याविरोधी कायदा पुढच्याच वर्षी गुजरातेतल्या या जातींना लागू करावा लागला. ज्या हिशेबात तिथीची सोय बसते त्याच हिशेबात ही गोष्टही बसते, दोन्ही वेगळ्या करता येत नाहीत.

लग्नाच्या या रीतींवर जाहीरपणे बोलले गेले ते शहर बऱ्याच अंशी सुरत. १८४४ साली दुर्गाराम मंछाराम मेहता यांनी इथे मानवधर्म सभा काढली आणि तिच्यात आपले दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. मराठी व्याकरणकार म्हणून ओळखले जाणारे दादोबा तेव्हा सुरतेत शिक्षक होते, आणि पुढे मुंबईत परमहंस सभा उभी राहिली ती या सुरती अनुभवाच्या पायावर. दुर्गारामांनी विधवाविवाहाची बाजू घेतली. त्यांच्यामागून सुरतेचाच कवी नर्मद आला, त्याने जदुनाथजी महाराजांशी विधवाविवाहावर जाहीर वाद घातला आणि शेवटी एका विधवेशी स्वतः लग्न केले, पण पत्नी डाहीगौरी घरात असताना. कायद्याने त्यात काही गैर नव्हते. पुरुषावर निष्ठेची अटच कायद्याने घातली नव्हती. सुरतेच्या मिशन शाळेत शिकलेले बेहरामजी मलबारी यांनी १८८४ साली बालविवाह आणि लादलेले वैधव्य यांवरच्या आपल्या टिपणांनी सगळ्या देशात खळबळ उडवली. त्याच वर्षी मुंबईच्या उच्च न्यायालयात एक दावा दाखल झाला, आणि त्यातली प्रतिवादी पुढे सुरतेचीच झाली.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, घराणे सुतारांचे. वडील गेल्यावर आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला, कारण जातीत ती रीत होती. म्हणजे नवऱ्याच्या मरणातून उघडणारे दार या घरात माहीत होते, वापरलेले होते. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागले, पण त्या नांदायला गेल्या नाहीत, सावत्र वडिलांच्या घरी शिकत राहिल्या. १८८४ साली दादाजींनी बायको ताब्यात मिळावी म्हणून दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अजाण वयात लग्न लागलेल्या बाईला तिच्या मनाविरुद्ध त्या माणसाकडे ढकलणे त्यांना अमानुष वाटले, आणि हिंदू धर्मशास्त्रात अशा सक्तीला आधार नाही असेही ते म्हणाले. अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ त्यांच्या विरोधात उभे राहिले. लग्न हा संस्कार आहे, करार नव्हे, तेव्हा संमतीचा प्रश्नच येत नाही, अशी ती बाजू. ती मांडणाऱ्यांची तळमळ मी खोटी मानत नाही, परक्या सरकारने घरात शिरू नये ही भावनाही समजण्यासारखी होती. पण संस्कार वाचवायला त्यांनी जे हत्यार हाती घेतले ते धर्मशास्त्रातले नव्हतेच. नांदायला लावण्याचा हुकूम इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला, आणि त्या हुकुमासाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद खुद्द इंग्लंडने १८८४ साली काढून टाकली होती. परक्या देशाने टाकून दिलेल्या सक्तीवर आपला संस्कार उभा करावा लागत असेल, तर निष्ठेचा पाया बाईच्या मनात नव्हता हे त्यांनीच मान्य केल्यासारखे होते.

या खटल्यात खरे नवे काय होते ते कडव्यांच्या विहिरीजवळ उभे राहून पाहिले की स्पष्ट दिसते. रखमाबाई पुनर्विवाहाचा हक्क मागत नव्हत्या, तो त्यांच्या जातीत होताच. काडीमोडही अनेक जातींत होती. त्या मागत होत्या ती गोष्ट म्हणजे नवरा जिवंत असताना, कुणालाही न मारता, मारल्याचे सोंगही न करता, बाईने स्वतःच्या तोंडाने ‘मला हे मान्य नाही’ म्हणावे आणि ते मोजले जावे. हे दार या प्रथांत नव्हते. पाळण्यातले लग्न खपवून घेतले गेले, फुलांशी लग्न खपवून घेतले गेले, पोटातल्या गर्भाचे लग्न खपवून घेतले गेले, पण बावीस-तेवीस वर्षांच्या शिकलेल्या बाईचा नकार खपवून घेता येईना. १८८८ साली दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. लग्न मात्र कायद्याने मोडले नाही, फक्त मागणी थांबली. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या, आणि १८९५ पासून वीसहून अधिक वर्षे त्यांनी सुरतेच्या स्त्रियांच्या दवाखान्यात काढली. मुंबईच्या वर्तमानपत्रांनी जिच्यावर भरभरून लिहिले त्या बाईने आयुष्याचा मोठा भाग सुरतेच्या बाळंतिणींत घालवला. त्या बाळंतिणींत कोवळ्या वयात लग्न लागलेल्या पोरीच फार असणार, कारण संमतिवयाचा १८९१ चा कायदाही वय दहावरून बारावरच आणू शकला होता. आपल्या मराठी आठवणीत त्या खटल्याच्या तारखांपुरत्या उरल्या आणि ही वीस वर्षे बाजूला पडली, याची मला खंत वाटते.

१९०४ साली दादाजी वारले तेव्हा रखमाबाईंनी विधवेची पांढरी वस्त्रे घातली, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. त्यांच्या विरोधकांच्या वारसांना हा मोठा मुद्दा वाटेल: अखेर तिने संस्कार मानलाच ना? मला तसे वाटत नाही. रखमाबाईंनी न्यायालयात नाकारले होते ते संमतीशिवायचे सहजीवन. कायद्याच्या आणि समाजाच्या नजरेत त्या १९०४ पर्यंत दादाजींच्या पत्नीच होत्या, दुसरे लग्न त्यांना शक्य नव्हते, तर दादाजी केव्हाच दुसरा संसार मांडून बसले होते. ज्या लग्नातून त्यांना शब्दाने बाहेर पडू दिले नाही, ते मरणाने संपले, आणि जे घडले होते त्याची खूण त्यांनी अंगावर घेतली. यात मला शरणागती दिसत नाही. वीस वर्षे समाज जे नाते त्यांच्यावर लादत होता त्याचा शेवट त्यांनी समाजाच्याच भाषेत नोंदवला आणि दवाखान्यात कामाला गेल्या. पांढऱ्या वस्त्रांचा दुसरा अर्थ लावता येईल हे मी नाकारत नाही. पण कोणताही अर्थ लावला तरी एक गोष्ट हलत नाही: सुटकेचे दार अखेर मरणातूनच उघडले, त्यांच्या आईच्या वेळी उघडले होते तसेच.

त्याच १९०४ साली सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात बालविवाहप्रतिबंधक कायदा केला, मुलीला बारा आणि मुलाला सोळा वर्षांची मर्यादा घालून. उंझ्याच्या तिथीवर तो थेट घाव होता. तो एका फटक्यात लागू पडला नाही. दंड हा लग्नखर्चातलाच एक आकडा समजून तो भरणारी आणि लग्न उरकणारी घरे पुष्कळ होती. पण कायद्याबरोबर जातीतूनही माणसे उभी राहिली. सुरतेत कुंवरजी आणि कल्याणजी मेहता या बंधूंनी पाटीदार युवक मंडळ काढले, ‘पटेल बंधू’ मासिक चालवले, विद्यार्थ्यांसाठी पाटीदार आश्रम उभारला. हीच मंडळी पुढे बारडोलीच्या लढ्यात दिसतात. शिकायला शहरात राहणारा मुलगा पाळण्यातल्या लग्नाला आणि दशकातून एकदा येणाऱ्या तिथीला सहज बांधला जात नाही, हे देवळाच्या कौलापेक्षा भारी ठरले. १९३० पासून शारदा कायदा देशभर लागू झाला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते चक्र विरून गेले. आज सुरतेत हिऱ्यांच्या आणि कापडाच्या धंद्यासाठी येऊन स्थायिक झालेल्या सौराष्ट्रातल्या पाटीदारांचे सामूहिक विवाहसोहळे होतात, एका मांडवात अनेक जोडपी बसतात. खर्च वाचवण्याचा जुना हेतू त्यात जिवंत आहे, पण नवरानवरी मोठी आहेत आणि पुढची तारीख पुढच्या वर्षीही निघते. एकत्र लग्न करण्यात मुळात दोष नव्हता, हे यावरून मला पटते. दोष होता तो ज्याचे लग्न त्याच्या हातून घड्याळ काढून घेण्यात.

बडोद्याने १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला, मुंबई प्रांताने १९४७ मध्ये. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा आला. रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ रोजी वारल्या, म्हणजे चार महिने त्या या कायद्याच्या राज्यात जगल्या. पण त्यांच्या प्रश्नाचे नेमके उत्तर त्या मूळ कायद्यातही नव्हते. ते १९७६ च्या दुरुस्तीने आले: पंधराव्या वर्षाआधी जिचे लग्न लागले तिने पंधरा पूर्ण झाल्यावर आणि अठरा होण्याआधी ते नाकारले, तर तेवढ्या कारणावर तिला घटस्फोट मागता येतो, मग नवरा कसाही असो, सहवास घडलेला असो वा नसो. ज्या तरतुदीखाली दादाजींनी दावा लावला तिचा वारस मात्र त्याच कायद्याच्या नवव्या कलमात अजून आहे. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते घटनाबाह्य ठरवले, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरोजराणी खटल्यात ते वैध मानले, आणि नांदायला लावण्याचे दावे आपल्या कुटुंब न्यायालयांत आजही दाखल होतात.